पहिला कॅमेरा घेताना आधी लेन्स पाहा

सीएसएमटी स्थानकातून बाहेर पडून फोर्टातल्या बोरा बाजारात शिरलं, की काचेच्या कपाटांत कॅमेरे मांडलेली दुकानं लागतात. नवखं गिऱ्हाईक तिथे लगेच ओळखू येतं, कारण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती मेगापिक्सेलचा आहे?’ विक्रेता आकडा सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि दोघांचाही वेळ फुकट जातो.

आज दुकानात मिळणाऱ्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत २० ते २६ मेगापिक्सेल असतात. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. एवढ्यात उत्तम प्रतीची २० बाय १३ इंचांची छपाई आरामात होते. ए-४ आकाराच्या कागदाला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात आणि फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा सव्वाआठात भरतो. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानं १९७५मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याची क्षमता होती ०.०१ मेगापिक्सेल आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या काळी हा आकडा महत्त्वाचा होता. आता तो खोक्यावर छापण्यापुरता उरला आहे.

विचारायचंच असेल तर सेन्सर केवढा आहे ते विचारावं. फोटो ज्यावर उमटतो तो हा तुकडा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी साधारण साडेतेवीस बाय साडेपंधराचा, मायक्रो फोर थर्ड्‌स १७.३ बाय १३चा. आणि लांबलचक झूमच्या जोरावर विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा ‘सुपरझूम’ कॅमेऱ्यांत जेमतेम सव्वासहा बाय साडेचार मिलिमीटरचा तुकडा असतो. क्षेत्रफळ काढलं तर एपीएस-सी त्याच्या तेरापट भरतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर काढलेल्या फोटोत हा तेरापटीचा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. छोट्या सेन्सरवर काळ्या भागांत रवाळ दाणे येतात, केसांचा लगदा होतो. पहिल्या कॅमेऱ्यासाठी एपीएस-सी हा सर्वांत शहाणपणाचा मुक्काम आहे. फुल फ्रेमची बॉडी एकवेळ परवडेल, पण तिच्या लेन्स खिशाला आणि खांद्यालाही जड जातात.

मुळात कॅमेरा हवाच का, हेही एकदा स्वतःला विचारून घ्यावं. उन्हातली निसर्गदृश्यं, ताटात वाढलेलं जेवण, मित्रांचा घोळका यांसाठी खिशातला बरा फोन पुरेसा आहे. अंधारात तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो आणि हे काम महागड्या कॅमेऱ्यापेक्षाही सफाईनं करतो. फोन हरतो तो तीन ठिकाणी: लांबच्या वस्तूला, अंधारात हलणाऱ्या माणसाला आणि फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तेव्हा. यांपैकी एकही अडचण आजवर आली नसेल, तर पैसे तूर्त बँकेत राहू द्यावेत.

अडचण आली असेल, तर ती नेमकी कुठे आली हे आठवावं. कॅमेरा कोणता घ्यायचा याचं उत्तर तिथेच असतं. हौशी माणूस सहसा उलट्या क्रमानं जातो. आधी बॉडी घेतो, मग तिच्याबरोबर आलेल्या लेन्सनं काय काय निघतं ते पाहत बसतो.

भिगवणचं उदाहरण घेऊ. उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि पुण्याहून निम्मे कॅमेरे तिकडे जातात. नावेतून पक्ष्यांच्या जितकं जवळ जावं तितके ते दूर सरकतात. किट लेन्स म्हणून मिळणारी १८-५५ तिथे काहीच कामाची नाही, तिच्यात फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी ठिपका. किमान ३०० मिलिमीटर हवेत, ४०० असतील तर उत्तम. कॅननच्या आरएफ बॉडीला १००-४०० ही लेन्स आहे, वजन ६३५ ग्रॅम. एपीएस-सी बॉडीवर ती ६४० मिलिमीटरच्या लेन्सइतकं जवळचं दाखवते. पण तिचं छिद्र लांबच्या टोकाला एफ ८ इतकं बारीक होतं. सकाळचं ऊन वर येईपर्यंत तिला प्रकाश कमी पडतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरा मार्ग सुपरझूमचा. निकॉनचा पी९५० एकाच लेन्समध्ये २००० मिलिमीटरच्या लेन्सइतकं जवळचं दाखवतो, पी१००० तर ३०००च्या लेन्सइतकं. चंद्राचे खड्डे त्यात असे दिसतात, की पाहणारा हरखून जातो. सेन्सर मात्र तोच, नखाएवढा. भर उन्हात झाडावर बसलेल्या पक्ष्याची नोंद ठेवायची असेल, ओळख पटवायची असेल, तर हा कॅमेरा गैर नाही. पक्षिनिरीक्षकांना तो आवडतो तो यासाठीच. उडत्या पक्ष्याच्या मागे लागणाऱ्यानं किंवा ताडोब्यात पहाटेच्या अंधुक उजेडात वाघ टिपायला निघालेल्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

आंबोलीला पावसाळ्यात बेडूक शोधत हिंडणाऱ्यांचं गणित वेगळंच. तिथे झूम लागत नाही, जवळून फोकस लागतो आणि रात्रीचं काम असल्यानं फ्लॅश लागतो. खरी मॅक्रो लेन्स महाग असते. सुरुवातीला लेन्सच्या तोंडावर चिमट्यानं बसणारी रेनॉक्स डीसीआर-२५० ही छोटी काच पुरते, अनेक जण तिच्यावरच शिकतात. गोम आहे ती फ्लॅशची. कॅननच्या २००डी मार्क २ या लोकप्रिय बॉडीच्या हॉटशूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला गोल संपर्कबिंदूच नाही. त्यामुळे बाजारात मिळणारे साधे मॅन्युअल फ्लॅश तिच्यावर बसतात, पण उडत नाहीत. आर५० या नव्या मिररलेसला नेहमीचा फ्लॅश लावायचा तर एडी-ई१ नावाचा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. माहितीपत्रकाच्या ठळक अक्षरांत हे नसतं. आंबोलीच्या चिखलात उभं राहून कळण्यापेक्षा दुकानातच फ्लॅश चढवून एकदा उडवून पाहिलेला चांगला.

आता सर्वांत मोठ्या गटाकडे वळू. घरातली लहान मुलं, बारसं, गणपतीची आरती, लग्नाचा हॉल, शाळेचं स्नेहसंमेलन. खरं तर पहिला कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांचे विषय हेच असतात, तोंडानं ते कितीही ‘वाइल्डलाइफ’ म्हणोत.

इथे शत्रू एकच, कमी प्रकाश. किट लेन्सला झूम पुढे ढकललं की छिद्र एफ ५.६ किंवा त्याहून बारीक होतं. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर एक सेकंदाच्या साठाव्या भागावर अडकतं. आरतीत टाळ्या वाजवणाऱ्या नातवाचे हात तेवढ्या वेळात कुठल्या कुठे जातात, फोटोत नुसता फराटा उरतो. त्याच जागी, त्याच उजेडात एफ १.८ची लेन्स लावली, तर साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. शटर पाचशेव्या भागापलीकडे नेता येतं आणि हात जागच्या जागी गोठतात. बॉडी तीच, बदलली ती फक्त लेन्स. उलट, किट लेन्स तशीच ठेवून बॉडी दुप्पट किमतीची घेतली, तरी एवढा फरक पडत नाही.

या लेन्सना प्राइम म्हणतात. झूम नसतं, त्यामुळे लहान आणि स्वस्त. सगळे ५० मिलिमीटर एफ १.८ घ्यायला सुचवतात, पण मुंबई-ठाण्याच्या घरांत हा सल्ला फसतो. एपीएस-सी सेन्सरवर ५०ची लेन्स चेहरे टिपायला छान, पण दहा फुटांच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून कॅमेरा उभा धरला, तरी समोरच्या माणसाचा साधारण सव्वाचार फुटांचाच भाग चौकटीत येतो. पाय कापले जातात. तिथे ३५ मिलिमीटर घेतली, की सहा फूट मावतात आणि नऊवारीचा काठही दिसतो. निकॉनच्या डीएसएलआरसाठी ३५ एफ १.८ डीएक्स, सोनीसाठी ३५ एफ १.८, सोनी आणि निकॉन झेड दोन्हींसाठी सिग्माची ३० एफ १.४ अशा लेन्स आहेत. हेन्री कार्तिए-ब्रेसाँनं मुख्यतः फिल्मच्या लायकावर ५० मिलिमीटर लावून काम केलं. एपीएस-सीवर तेवढंच दृश्य ३५ देते.

इथून निघतो पैशांच्या वाटणीचा नियम. हाती ७० हजार असतील, तर सगळेच्या सगळे बॉडी आणि किट लेन्सवर उधळू नयेत. पंधरा-वीस हजार दुसऱ्या लेन्ससाठी बाजूला काढावेत, तीन-चार हजार कार्ड, जादा बॅटरी आणि साठवणीच्या डब्यासाठी. उरलेल्यात जी बॉडी येईल ती घ्यावी. जुनी असली तरी चालेल.

बॉडी निवडताना पाहायचं ते तिचं माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती खाच. प्रत्येक कंपनीची खाच निराळी, आणि एकदा दोन-तीन लेन्स जमल्या की माणूस त्या खाचेला बांधला जातो. सोयरीक जुळवताना मुलाआधी घर पाहतात, तसं इथे बॉडीआधी माउंट पाहायचं. सोनीचं ई माउंट या बाबतीत भरल्या घरचं. सिग्मा, टॅमरॉन यांच्या स्वस्त-मस्त लेन्स त्याला वर्षानुवर्षं मिळत आल्या आहेत. निकॉन झेडला सिग्माच्या एपीएस-सी प्राइम २०२३मध्ये आल्या. कॅनननं आरएफ माउंटचं दार इतरांच्या ऑटोफोकस लेन्सना बराच काळ लावून ठेवलं होतं, ते २०२४मध्ये एपीएस-सीपुरतं किलकिलं झालं. फुजीचं एक्स माउंट गुणी आहे, पण लेन्सच्या किमती वरच्या.

काही माउंटांचा वंश खुंटलेला आहे. कॅननचा एम५० हा देखणा, हलका कॅमेरा जुन्या बाजारात भरपूर दिसतो, भावही मोहात पाडणारा. पण त्याचं ईएफ-एम माउंट कंपनीनं बंद केलं आणि त्याच्या लेन्स नव्या आरएफ बॉडीवर चढत नाहीत. याउलट, १९८७पासूनच्या कॅनन ईएफ लेन्स एका अडॅप्टरनं नव्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह व्यवस्थित चालतात. म्हणजे जुना डीएसएलआर आणि दोन ईएफ लेन्स घेणाऱ्याचे लेन्सवरचे पैसे पुढेही वाया जात नाहीत.

निकॉनकडे पेच निराळा आहे. तिचं एफ माउंट १९५९चं, म्हणून ‘कुठलीही जुनी लेन्स बसते’ असं विक्रेते बिनदिक्कत सांगतात. बसते हे खरं. पण डी३५००, डी५६०० अशा लहान बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. ५० एफ १.८ डी ही स्वस्त जुनी लेन्स त्यांच्यावर चढवली, तर फोकस हातानंच करावा लागतो. त्याच लेन्सची ‘जी’ आवृत्ती मात्र आपोआप फोकस करते, कारण मोटर लेन्समध्ये आहे. डी९० किंवा डी७२०० असेल तर ‘डी’ लेन्सही चालते. पण डी९०वर नव्या एएफ-पी लेन्स फोकस करत नाहीत. लेन्सच्या नावातलं एखादं अक्षर असं हजारोंना पडतं. म्हणून लेन्स घ्यायला जाताना आपली बॉडी बरोबर न्यावी आणि तिथेच लावून पाहावी.

आरशाचा डीएसएलआर की बिनआरशाचा मिररलेस, हा वाद बाजारानं निकालात काढला आहे. २०२०नंतर कॅनन किंवा निकॉननं एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. नवा कोरा कॅमेरा घ्यायचा असेल तर मिररलेसच घ्यावा. माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणं, ही नव्या मिररलेसची करामत धावत्या मुलांच्या फोटोत फार उपयोगी पडते. जुना घ्यायचा तर डीएसएलआरमध्ये पैशाला पैसा मोल मिळतं. निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये मानक चाचणीनुसार १५५० फोटो काढतो, तर लहान मिररलेसची बॅटरी तीन-चारशेच्या पुढे जाताना धापा टाकते. पंढरीच्या वारीत दिवसभर चालणाऱ्यानं मिररलेस घेतला, तर दोन जादा बॅटऱ्या झोळीत हव्यातच.

व्हिडिओही काढायचे असतील, तर मायक्रोफोनचं भोक आहे का ते पाहावं. डी३५०० आणि कॅनन १५००डी या दोन्हींना ते नाही. व्हिडिओसाठी गाजलेले सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० यांत ते आहे, पण त्यांना डोळ्याला लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, नाही. मे महिन्याच्या दुपारी राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मागच्या पडद्यावर स्वतःच्याच चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. ट्रेक करणाऱ्यानं खिडकी असलेलाच कॅमेरा घ्यावा. कॅननचा आर१०० सर्वांत स्वस्त मिररलेसपैकी एक, खिडकी आहे, पण मागचा पडदा ना वळत ना स्पर्शाला दाद देत. फोनवर वाढलेल्या बोटांना ते जाचतं.

जुना माल तपासायला फार विद्या लागत नाही, पण घाई नको. आधी लेन्स काढून तिच्या एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूनं डोळा बारीक करून तिरकं पाहावं. चार-दोन धुळीचे कण असले तर बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले दिसले, तर ती बुरशी. लेन्स परत द्यावी, भाव निम्मा केला तरी. मग बॉडीवर लेन्स लावून छिद्र एफ १६ करावं आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहावा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. ओरखडा असेल तर होत नाही. शटर किती वेळा उडालं याचा आकडा निकॉनच्या फोटो फाइलमध्येच नोंदलेला असतो. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख वेळा चालेल असं धरतात, तेव्हा वीस-तीस हजार झालेली बॉडी तरुणच म्हणायची. बॅटरी फुगलेली नाही ना, हे बोटानं चाचपून पाहावं. शेवटी झूमचं कडं फिरवावं. कचकच आवाज आला तर आत वाळू आहे, लेन्स किनाऱ्यावर फिरून आली आहे.

नव्या मालाचा सापळा वेगळा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कानाशी येऊन कोणी सांगितलं, की समजावं, हा ग्रे माल, दुसऱ्या देशासाठी बनलेला आणि आडमार्गानं आलेला. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९पासून २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे. तरी लाखाच्या मालात तो वाचवण्याचा मोह होतोच. पण भारतातली वॉरंटी अशा मालाला मिळत नाही. मिररलेसचा मदरबोर्ड गेला तर वाचवलेले पैसे व्याजासह जातात.

दुकानदार फुकट म्हणून देतो त्या बॅग-ट्रायपॉडच्या जोडीवर भाळू नये. तो ट्रायपॉड वाऱ्याच्या झुळकीनं थरथरतो. त्याऐवजी नावाजलेल्या कंपनीचं, व्ही३० खूण असलेलं ६४ जीबीचं कार्ड मागून घ्यावं. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी, असा त्या खुणेचा अर्थ. रस्त्यावरच्या ठेल्यावरून कार्ड घेऊ नये, नकली कार्ड ऐन लग्नात दगा देतं.

एवढं करून घरी आणलेला कॅमेरा लोक कापडी बॅगेत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात, आणि कोकणपट्टीतला एक पावसाळा लेन्समध्ये बुरशी पाडायला पुरेसा होतो. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवणारं ड्राय कॅबिनेट मिळतं, पण सुरुवातीला त्याची गरज नाही. रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पुडी आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढ्यात भागतं. नारंगी जेल हिरवं पडलं की ओलावा पिऊन झाला. तव्यावर मंद आचेवर परतलं की पुन्हा कामाला येतं. डब्यात कापड, चामड्याचं कव्हर, मूळची बॅग काहीही ठेवू नये, बुरशीला तेच हवं असतं. आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढावा, उजेडात.

आता नावानिशी सांगायचं तर असं. घरातले फोटो आणि प्रवास हा विषय असेल आणि नवाच हवा असेल, तर कॅननचा आर५० किट लेन्ससह. फ्लॅशच्या अडॅप्टरची अडचण लक्षात ठेवून पुढे चेहऱ्यांसाठी आरएफ ५० किंवा लहान खोल्यांसाठी सिग्माची प्राइम जोडावी. व्हिडिओ अधिक असतील तर झेडव्ही-ई१०. खर्च निम्म्यावर ठेवायचा असेल, तर जुना डी५६०० किंवा २००डी आणि ३५ किंवा ५०ची प्राइम, यात तीन-चार वर्षं शिकण्यापुरतं सगळं आहे. पक्षी हाच ध्यास असेल, तर बॉडी जुनीच घ्यावी आणि सगळा जोर लांब लेन्सवर लावावा. नुसती हौस आहे, विषय अजून ठरलेला नाही, अशांनी एका शनिवार-रविवारपुरती बॉडी आणि प्राइम भाड्यानं आणावी. मुंबई-पुण्यात ती सहज मिळते आणि भाडं खरेदीच्या मानानं किरकोळ असतं.

पैसे देण्याआधी कॅमेरा डाव्या-उजव्या हातांत नीट धरून पाहा, करंगळी खाली लोंबत असेल तर दुसरा मागा. आणि दुकानातून निघताना बिलावर बॉडी आणि लेन्स या दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका.